एकमुळी नोंद

पत्र आलं तेव्हा हेमलता पिंगळे कैरी किसत होत्या. फोन ओट्यावर डब्याला टेकवून ठेवलेला, हाताला चीक लागलेला, म्हणून त्यांनी फोनलाच सांगितलं, "वाच रे बाबा." फोन आपल्या गोड, कुणाचाच नसलेल्या आवाजात वाचू लागला.

"सप्रेम नमस्कार. जिल्हा परिचयकोश, खंड तिसरा, सन २००३, पृष्ठ एकशे बारा. 'मोरदरे' या गावाची नोंद आपण लिहिलेली आहे. नोंदीतील 'पाणीबदल' या प्रथेविषयीची चार वाक्ये आजवरच्या दोन हजार तीनशे अठरा लेखनांचे मूळ असल्याचे आढळले आहे. या चार वाक्यांच्या मागे मात्र कोणतेही लेखन आढळलेले नाही. कृपया आपला आधार कळवावा. पर्याय चार: पाहिले, ऐकले, वाचले, रचले. मुदत आठ दिवस. आपला, उगम."

किसणीवर बोट सोलवटलं. हेमलताबाईंनी ते नळाखाली धरलं आणि म्हणाल्या, "नंतर."

"ठीक आहे," फोन म्हणाला. यंत्रांचं एक बरं असतं, ती डोळे वटारत नाहीत. पण त्याने वटारले असते तर बरं झालं असतं, असं हेमलताबाईंना दिवसभर वाटत राहिलं. गुळांब्यात गूळ दोनदा पडला. दुपारी त्या आडव्या झाल्या, उठल्या, गॅलरीत गेल्या, परत आल्या, पुन्हा गॅलरीत गेल्या. समोरच्या इमारतीतल्या बाईंना वाटलं, पिंगळेबाई हल्ली व्यायाम करायला लागल्या.

ही बाई एवढ्यातेवढ्यावरून का घाबरली, ते कळायला 'उगम' म्हणजे काय ते आधी कळायला हवं.

गेल्या दहा-बारा वर्षांत राज्यातल्या झाडून साऱ्या ग्रंथालयांनी आपली कपाटं यंत्रासमोर रिकामी केली होती. पुस्तकं, वर्तमानपत्रं, शाळेच्या पुस्तिका, स्मरणिका, प्रबंध, संकेतस्थळं, काही म्हणजे काही सोडलं नव्हतं. या सगळ्या ढिगातलं कुठलं वाक्य कुठल्या वाक्यापासून जन्मलं, हे 'उगम' शोधत असे. शब्द बदलले तरी त्याला फसवता येत नसे, कारण ते शब्द पाहतच नसे. प्रत्येक वाक्याच्या अर्थाची ते आकड्यांची एक लांबलचक ओळ बनवी. अर्थ जवळचे, तर आकडेही जवळचे. कुणी "नदी दुथडी भरून वाहत होती" लिहिलं आणि दुसऱ्याने "दोन्ही काठ पाण्याखाली गेले होते" लिहिलं, तरी यंत्राच्या लेखी ती सख्खी भावंडं.

पण भावंडं आहेत एवढ्याने बाप कोण ते कळत नाही. त्यासाठी 'उगम' एक जुनी युक्ती वापरत असे, पोथ्यांचे अभ्यासक वापरायचे तीच. ते चुका धरी. समजा, एका गडाला चारशे एकतीस पायऱ्या आहेत. वीस जणांनी चारशे एकतीस लिहिलं तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. वीसही जण गड चढून आले असतील. पण वीस पुस्तकांत चारशे तेरा पायऱ्या सापडल्या, तर समजावं, की गड कुणीच चढलेलं नाही आणि सगळे एकाच्याच खांद्यावरून डोकावलेत. खरी गोष्ट कुणालाही आपली आपण सापडू शकते. चूक एके ठिकाणी जन्मते आणि तिथून पसरते. अशा लाखो चुकांचे माग काढत यंत्र फांदीवरून खोडाकडे आणि खोडावरून मुळाकडे जाई. खरं-खोटं त्याला कळत नसे आणि कळतं असा त्याचा दावाही नव्हता. ते फक्त मुळं मोजायचं. ज्या गोष्टीला एकच मूळ सापडेल तिच्यावर पिवळा ठिपका आणि एक शब्द: एकमुळी. एक मेपासून हे ठिपके सगळ्यांना दिसणार होते.

आणि हेमलताबाईंच्या चार वाक्यांमागे काही सापडलं नव्हतं, ते यंत्र कमी पडलं म्हणून नव्हे. मागे काही नव्हतंच. ती त्यांनी रचली होती.

*

परिचयकोश मंडळ म्हणजे साताऱ्यात एका तालमीच्या माडीवरच्या दोन खोल्या. संपादक केळुसकर. हेमलताबाई तेव्हा अठ्ठावीस वर्षांच्या, घरी वर्षाची मुलगी, पगार सांगण्यासारखा नाही. कोशाचे पहिले दोन खंड एका पर्यटन-पुस्तकवाल्याने जसेच्या तसे उचलले होते. केळुसकर भांडायला गेले तर तो म्हणाला, "डोंगर तुमचेच आहेत का? तुम्ही पाहिले, आम्हीही पाहिले." केळुसकर दोन दिवस धुमसत राहिले आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, "पिंगळे, आता प्रत्येक खंडात एक साक्षीदार घालायचा. एखादी बारीकशी गोष्ट, जी जगात नाहीच. त्याने ती छापली, की बोकांडी बसू."

तिसऱ्या खंडाचा साक्षीदार हेमलताबाईंच्या वाट्याला आला. त्यांनी असं गाव निवडलं, जिथे एसटी जात नाही, म्हणजे खातरजमा करायला कुणी जाणार नाही. त्या दिवशी सकाळीच घरी नळावर जावेशी कडाक्याचं वाजलं होतं. पोरीचे लंगोट धुवायला पाणी पुरलं नव्हतं आणि जावेने भरलेली बादली पायाने सारली होती. डोक्यात पाणी आणि भांडण दोनच गोष्टी. त्यांनी लिहून टाकलं:

'अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी मोरदरे येथे पाणीबदल असतो. वर्षभरात ज्या दोन घरांत तंटा झाला असेल, त्या घरच्या बायका आपली घागर एकमेकींच्या माठात रिकामी करतात. त्यानंतर तो तंटा कोणत्याही घराला उकरून काढता येत नाही. ही प्रथा किती जुनी आहे, हे सांगता येत नाही.'

शेवटचं वाक्य लिहिताना त्यांना हसू आलं होतं. सांगता येत होतं की! आज दुपारी सव्वाचारची.

चोराने ते छापलं. केळुसकरांनी पेढे वाटले. पण खटला उभा राहायच्या आत चोराचाच धंदा बसला आणि साक्षीदार मोकळा सुटला. पुढे कुणा वर्तमानपत्राच्या पुरवणीने त्या पुस्तकातून घेतलं, पुरवणीतून तालुक्याच्या शालेय पुस्तिकेत गेलं, तिथून भाषणांत, तिथून संकेतस्थळांवर. केळुसकर वारले. मंडळ बंद पडलं. केळुसकरांनी साक्षीदार नोंदून ठेवलेली वही कुठल्या रद्दीत गेली देव जाणे. हा साक्षीदार खोटा आहे हे सांगू शकणारं आता जगात एकच माणूस उरलं होतं, आणि ते गॅलरीत येरझाऱ्या घालत होतं.

तेवढंच असतं तर त्यांनी हसत हसत 'रचले' म्हणून सांगितलं असतं आणि गुळांबा हलवला असता. पण ज्या मुलीचे लंगोट धुवायला पाणी पुरलं नव्हतं, त्या शाल्मलीने पंधरा वर्षांपूर्वी पुण्याहून फोन केला होता. "आई, विषय मिळाला! प्रबंधाचा. आणि माहितेय कुणाच्या नोंदीवरून? तुझ्या! पाणीबदल!"

त्या वेळी तोंड उघडायला हवं होतं. उघडलंही होतं. पण पोर आनंदाने इतकी बोलत होती, की हेमलताबाईंनी विचार केला, येईल रविवारी तेव्हा समोरासमोर सांगू. रविवारी ती आली ती मोरदऱ्याहूनच. डोळे चमकत होते. "आई, अगं अजून करतात! मी पाहिलं! घागरी घेऊन बायका निघतात, वरच्या आळीतून खाली, खालच्या आळीतून वर. तुला कुणी सांगितलं होतं गं हे?"

हेमलताबाई चक्रावल्या. जे नव्हतंच ते पोर पाहून आली होती. "आठवत नाही गं," त्या म्हणाल्या.

मग दरवर्षी कधी ना कधी तो प्रश्न यायचा आणि दरवर्षी तेच उत्तर जायचं. आठवत नाही. खोटं बोलायलाही पहिल्यांदाच जड जातं, पुढे ते घरच्या चपलेसारखं पायात बसतं. शाल्मलीचा प्रबंध झाला, पुस्तक झालं, विद्यापीठात नोकरी लागली, नाव झालं.

*

संध्याकाळी तिचा फोन आला. मागे वारा होता, कोंबडे होते.

"आई, मी मोरदऱ्यात आहे. तुला पण आलं ना उगमचं पत्र? मलाही आलंय. माझ्या प्रबंधाचं मूळ तू, आणि तुझ्यामागे काहीच नाही म्हणतंय. आता काहीही करून आठव. कोण होती ती बाई?"

"कुठली बाई?"

"जिने तुला सांगितलं ती! कुणीतरी सांगितल्याशिवाय तू लिहिशील का? 'ऐकले' टाक, नाव टाक, गाव टाक, झालं. आणि हे बघ, परवा पाणीबदल आहे. लोकवारसा समितीचे लोक यायचेत. गावाची निवड झाली तर धरणातून पाण्याची लाइन मिळतेय गावाला, टँकर बंद. तू ये ना. तू स्वतः सांगितलंस तर कुणाला शंका राहणार नाही."

"शाल्मली, मला तुझ्याशी—"

"इथे येऊन बोल. नऊची इलेक्ट्रिक गाडी थेट येते आता. आई, पहिल्यांदाच तुझी मदत मागतेय हं मी." आणि फोन बंद झाला. पहिल्यांदाच म्हणे! हेमलताबाईंनी चाळीस वर्षांचे डबे, दप्तरं आणि फिया मनातल्या मनात मोजल्या आणि तेवढ्यापुरतं त्यांना बरं वाटलं.

पाणीबदलाच्या दिवशी नऊच्या गाडीत त्या खिडकीशी बसल्या. घाट लागला. 'ऐकले' म्हणायला अडचण काहीच नव्हती. यंत्राला फक्त मुळाशी एक नाव हवं होतं. समजा, तळावर एक म्हातारी भेटली. मेढ्याच्या एसटी तळावर. नाव... अनसूया. हिरवं लुगडं, कपाळावर गोंदण, पुढचा एक दात पडलेला. लेकीकडे निघालेली, बोचक्यात तांदूळ. बोलता बोलता म्हणाली, आमच्यात बाई पाण्याने भांडण मिटतं.

एवढ्यात हेमलताबाई दचकल्या. म्हातारी त्यांना दिसायला लागली होती. तिचा आवाजही ऐकू येत होता. अजून पाच मिनिटांत तिला नातवंडं झाली असती आणि आज समितीसमोर ती पाणी भरत उभी राहिली असती. पुढे कुणी शहाणा तिच्यावर प्रबंध लिहायला निघाला असता. त्यांनी पाण्याची बाटली काढली, पण अर्धं पाणी पदरावरच सांडलं.

*

मोरदऱ्यात मांडव पडला होता. शाळेच्या भिंतीवर पाणीबदलाची चार वाक्यं ऑइलपेंटने लिहिलेली होती, खाली 'आपल्या गावाची शान'. आपली वाक्यं भिंतीएवढी झालेली पाहून हेमलताबाईंनी भिंतीकडे पाठ केली. शाल्मली धावत आली. चाळिशीची बाई, पण आईला पाहून दहा वर्षांची झाली. तिने त्यांना शाळेच्या व्हरांड्यात खुर्ची दिली आणि शेजारी बसलेल्या ऐंशीच्या म्हातारीची ओळख करून दिली. "या सगुणाआक्का. माझ्या प्रबंधातल्या पहिल्या मुलाखतीच्या. आणि आक्का, ही माझी आई."

"आवं, या की बाई. लेकीनं लई नाव काडलं तुमचं."

"आठवलं का नाव?" शाल्मलीने आईच्या कानाशी विचारलं. "समिती तासाभरात येतेय."

हेमलताबाईंनी भिंतीकडे पाहिलं, मग लेकीकडे. कुणी विहिरीत उडी मारण्याआधी नाक धरतं तसं त्यांनी पदराचं टोक घट्ट धरलं.

"कुणी सांगितलं नव्हतं. मी रचलं होतं ते. नक्कल करणाऱ्याला पकडायला. पाणीबदल असं काही नव्हतंच."

शाल्मली हसली. आईची थट्टा तिला नवीन नव्हती. मग तिचं हसू तोंडावरच राहिलं आणि डोळ्यांतून निघून गेलं.

"असं कसं? मी तीस जणींना विचारलंय. आक्का, तुम्ही म्हणाला होतात ना, आजेसासूपासून चालत आलंय?"

सगुणाआक्काने तोंडातलं पान गालात सारलं. ती जराही बावचळली नव्हती. "म्हनाले व्हते."

"मग?"

"पोरी, माजं लगीन हून मी या गावात आले तवा असलं काय बी नव्हतं. पाणी बदलतंय कशाचं, इथं प्यायला न्हवतं. मागनं मास्तरनी पुस्तक वाचून दावलं, हे बगा तुमच्या गावाची चाल. आमी म्हनलं, छापलंय म्हंजी असंल. आपल्यालाच ठावं न्हाई म्हनून कसं सांगायचं चारचौघांत? त्यात सायेब बगायला येनार व्हते. मग केलं एकडाव."

"पण मला तरी खरं सांगायचं!"

"तू उन्हातनं चालत आलीस. हातात त्येच पुस्तक. आदी वाचून दावलंस, मग इचारलंस, आक्का, हे खरं ना? दारात आलेल्या लेकीला न्हाई म्हनून वाटं लावू?"

शाल्मली मटकन पायरीवर बसली. तीस मुलाखती, आणि प्रत्येक वेळी तिने पुस्तक आधी वाचून दाखवलं होतं. हे तिचं तिला आत्ता कळत होतं, आणि कळताना तोंडाचा रंग उतरत होता.

"पन ते एकडाव केलं न्हवं," सगुणाआक्का आता हेमलताबाईंशी बोलत होती, "तवा वरच्या आळीची शेवंता आन मी अकरा वर्सं बोलत न्हवतो. बांदावरनं तिच्या दिरानं माज्या मालकाचं डोस्कं फोडलं व्हतं. सायबाच्या म्होरं तिची घागर मला घ्यावी लागली. घेतली. तिच्या डोळ्याला पानी आलं, माज्या बी आलं. मग पुडल्या साली सायेब न्हवता, तरी ती आली. औषिद कुनी काडलं ते इचारून कोन गोळी गिळतं, बाई? गुन आला न्हवं, झालं." आणि ती काठी टेकत मांडवाकडे निघून गेली. तिच्या दृष्टीने विषय संपला होता.

व्हरांड्यात दोघीच राहिल्या.

"यांचं मला समजतं," शाल्मली म्हणाली. आवाज अगदी हळू. "माझी चूक पण समजतेय. तुझं नाही समजत. तुला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मी दर वर्षी विचारायचे. आठवत नाही म्हणायचीस."

"हो."

"माझा प्रबंध तू तपासलास, आई. चारशे बारा पानं. एक अनुस्वार सोडला नाहीस. संदर्भसूचीतलं एकेक साल लावून पाहिलंस. आणि पहिल्या प्रकरणात तुझंच खोटं होतं, त्याला हात लावला नाहीस?"

हेमलताबाईंकडे होती ती कारणं होती, आणि कारणं तर चोरालाही असतात. "तू किती खूश होतीस," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं, आणि निघाल्याबरोबर ते किती लंगडं आहे हे त्यांनाच ऐकू आलं.

"साडेबाराची गाडी आहे परतीची," शाल्मली उठत म्हणाली. "समितीला काय सांगायचं ते मी बघते." तिने वळून पाहिलं नाही.

गाडीत बसल्यावर हेमलताबाईंनी फोन काढला आणि चार चौकटींतल्या शेवटच्या चौकटीवर बोट ठेवलं. रचले. "धन्यवाद," फोन म्हणाला. घाट उतरेपर्यंत त्या रडत होत्या. वाहकाने दोनदा विचारलं, काकू, गाडी लागते का?

*

एक मे उजाडला आणि दोन हजार तीनशे अठरा ठिकाणी पिवळे ठिपके पडले, सोबत 'मूळ लेखिकेच्या सांगण्यानुसार रचलेले'. चार दिवस नुसता गोंगाट होता. कुणी म्हणालं, सगळ्याच चालीरीती अशा खोट्या. कुणी म्हणालं, पिंगळेबाईंना शिक्षा करा. करंबेळकर शेजारी असूनही जिन्यात मान फिरवून गेले. त्यांनी मुलाच्या लग्नात पाणीबदलावर भाषण ठोकलं होतं. विद्यापीठाने शाल्मलीच्या प्रबंधाची फेरतपासणी नेमली. समितीला तिने खरं तेच सांगितलं, हे हेमलताबाईंना बातम्यांतून कळलं. पाण्याच्या लाइनचा निर्णय लांबला. त्या दिवशी मोरदऱ्यात घागरी मात्र निघाल्या होत्या, नेहमीसारख्या.

शाल्मलीचा फोन नव्हता. हेमलताबाई करायच्या, तो वाजून वाजून थांबायचा. त्या घरातल्या घरात चालत राहायच्या. ज्या गॅलरीत पूर्वी शंभर पावलं व्हायची, तिथे आता दिवसाला चार हजार होत. गुळांबा कुणी खायला नसल्याने बरणीत तसाच होता.

तिसऱ्या आठवड्यात, भर दुपारी, 'उगम'चा निरोप आला. 'आपल्या नोंदीला नवा दुवा. प्रकार: खंडन. लेखिका: शाल्मली पिंगळे. प्रसिद्धीपूर्वी आपली संमती आवश्यक.' खाली दोन बटणं: मान्य, दुरुस्ती.

दीड पानाचा लेख होता. 'एका प्रथेचा जन्म आणि माझी चूक.' हेमलताबाई उभ्या उभ्याच वाचू लागल्या. लेकीने काही झाकलं नव्हतं. मी उत्तर आधी सांगून मग प्रश्न विचारले, असं सरळ लिहिलं होतं. पाणीबदल प्राचीन नाही. तो एका पुस्तकातून जन्मला आणि जन्मल्यानंतर खरा झाला. माझ्या मुलाखती त्याच्या प्राचीनतेचा पुरावा नाहीत, पण आळीआळीतल्या समेटाचा आहेत, आणि तेवढ्यापुरत्याच त्या वाचाव्यात. वाक्य न् वाक्य नेमकं होतं. हेमलताबाईंना वाटलं, इतकं स्वच्छ आपल्याला आयुष्यात लिहिता आलं नाही.

मग शेवटचा परिच्छेद आला.

'नोंदीच्या लेखिका हेमलता पिंगळे यांनी कोशासाठी हजारांहून अधिक नोंदी लिहिल्या. ही नोंद रचलेली असल्याचा त्यांना काळाच्या ओघात विसर पडला होता. उगमने विचारणा करताच त्यांना स्मरण झाले व त्यांनी ते तत्काळ कळवले.'

हेमलताबाई खाली बसल्या.

तीन आठवडे जिने फोन उचलला नाही, तिने हे लिहिलं होतं. सगळी चूक स्वतःच्या डोक्यावर घेतली होती आणि आईवर मात्र पांघरूण घातलं होतं. सदुसष्ट वर्षांच्या बाईला विसर पडला, यावर कोण शंका घेणार? जिन्यातले करंबेळकर पुन्हा नमस्कार करतील. शाल्मलीचा फोन येईल. दोघी गुळांब्याबद्दल बोलतील, उन्हाळ्याबद्दल बोलतील, आणि हा विषय कधीच काढणार नाहीत. आणखी दहा वर्षांनी कदाचित दोघींनाही वाटायला लागेल, की खरंच विसर पडला होता. कुठलंही यंत्र ते शोधू शकणार नाही. 'मान्य'वर बोट ठेवायचं तेवढं बाकी होतं, आणि त्यांना लेक परत हवी होती. इतकी हवी होती, की बोट बटणापर्यंत गेलंही.

पण ते वाक्य त्यांनी पुन्हा वाचलं आणि त्यांना ते ओळखीचं वाटलं. छोटंसं, बिनबोभाट, कुणाचं काही बिघडवत नाही असं. कुणावर तरी माया असताना लिहिलेलं. त्याच्या मागे काही नव्हतं.

त्यांनी 'दुरुस्ती' दाबलं. वाक्य खोडलं आणि त्या जागी लिहिलं: 'लेखिकेला विसर पडला नव्हता. मुलीने दर वर्षी विचारले आणि लेखिकेने दर वर्षी आठवत नाही असे खोटे सांगितले. मुलीचा संपूर्ण प्रबंध तिने स्वतः तपासला होता व त्या वेळीही ती गप्प राहिली. हेमलता पिंगळे.' दोनदा वाचून पाहिलं. पाठवलं.

पाच मिनिटांच्या आत फोन वाजला.

"आई, हे काय लिहिलंस तू?" शाल्मलीचा आवाज चढलेला होता. "लोक फाडून खातील तुला!"

"खाऊ देत."

"मी मुद्दाम लिहिलं होतं तसं."

"कळलं मला. म्हणून तर खोडलं."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. लहानपणी पडल्यावर रडू आवरायला ती अशीच नाक ओढायची.

"माझा राग गेलेला नाहीये," ती म्हणाली. "अजिबात नाही. मला पंधरा वर्षांचं सगळं विचारायचंय तुला. कधी, का, कुठल्या वेळी तुझ्या तोंडापर्यंत आलं होतं आणि तू गिळलंस. एकेक. रविवारी येतेय मी. भांडायला येतेय, लक्षात ठेव."

"ये," हेमलताबाई म्हणाल्या. "मला सगळं आठवतंय."